‘माहिती कणज आमच्या काय उपयोगाचे?’ : खानापूरहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सरकारी माहिती एका ठिकाणी आणणारी, कर्नाटकाच्या ‘माहिती कणज’सारखी पोर्टल सीमाभागातल्या मराठी माणसाने वापरायला शिकली पाहिजेत, असे मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाने खरमरीत प्रतिक्रिया लिहिली आहे. तिचा सारांश असा: पोर्टल कन्नड आणि इंग्रजीत, आमच्या वडीलधाऱ्यांना त्यातले अक्षर कळत नाही, जंगलभागात मोबाइलला रेंज नाही, पूर्वी तलाठ्याला विचारले की काम व्हायचे, आता सगळे बेंगळूरच्या संगणकात गेले, आणि माहितीचा अर्ज मराठीतच द्या असे सांगायचे सोडून तुम्ही सरकारची जाहिरात करता.

तुमचा राग पटण्यासारखा आहे. जाहिरातीचा आरोप सोडला तर बाकीचे बरेचसे खरेही आहे. पण मराठीतून अर्ज देण्याचा आग्रह चुकीच्या कलमावर खर्च होतो आहे आणि त्यात लोकांचे महिने जातात, असे माझे मत आहे. म्हणून आधी तेच.

माहिती अधिकार कायदा 2005 चे कलम 6(1) म्हणते, की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा जिथे अर्ज केला जातो त्या भागाच्या राजभाषेत असावा. बेळगाव जिल्ह्यात राजभाषा कन्नड. मराठी त्या तिघांत नाही. एखादा माहिती अधिकारी मराठी अर्ज घेतो, एखादा परत पाठवतो. परत पाठवला तर अपिलात तुमची बाजू लंगडी पडते, कारण कायद्याचे शब्द त्याच्या बाजूने आहेत. पण त्या तिघांत हिंदी आहे, हे आपल्याकडे फार कमी लोक वापरतात. देवनागरीत, सोप्या हिंदीत चार ओळी लिहिणे दहावी झालेल्या कोणालाही जमते, आणि तो अर्ज भाषेच्या कारणाने नाकारता येत नाही. लिहिता न येणाऱ्याने तोंडी सांगितले तर ते कागदावर उतरवून घ्यायला मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम आहे, हेही त्याच कलमात आहे.

उत्तर मात्र कन्नडमध्ये येईल. कागद ज्या भाषेत कार्यालयात आहे त्याच भाषेत त्याची प्रत मिळते. भाषांतर करून मागण्याचा हक्क या कायद्यात नाही.

मग मराठीचे काय? ते कलम 4 मध्ये आहे. कोणी न मागता कार्यालयाने स्वतःहून जी माहिती जाहीर करायची, ती कलम 4(1)(ब) मध्ये 17 बाबींत सांगितली आहे: अंदाजपत्रक, अनुदानाच्या योजना आणि त्यांचे लाभार्थी, दिलेले परवाने, माहिती अधिकाऱ्याचे नाव वगैरे. ती कशी पोचवायची हे कलम 4(4) सांगते: खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे साधन विचारात घेऊन. इथे शब्द ‘स्थानिक भाषा’ असा आहे, ‘राजभाषा’ असा नाही. कणकुंबीत किंवा उचगावात स्थानिक भाषा कोणती, हे काय पुरावा देऊन सिद्ध करावे लागणार आहे? शिवाय भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबद्दल केंद्राचे 1956 चे निवेदन आहे. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषा बोलणारे 15 ते 20 टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेतही छापावेत, असे त्यात आहे. राज्यघटनेचे कलम 350 तर गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देऊ देते.

म्हणजे दोन कागद करायचे आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. माहिती मागायची ती हिंदीत किंवा कन्नडमध्ये, कलम 6 खाली. ‘पंचायतीच्या लाभार्थी याद्या मराठीतही लावा’ ही मागणी मराठीत, कलम 4(4) आणि घटनेच्या कलम 350 चा उल्लेख करून, पंचायतीला आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. दोन्ही एकाच अर्जात घातले की माहिती अधिकारी मागणीवर बोट ठेवून माहितीचा भागही बाजूला सारतो.

आता पोर्टलकडे वळतो. ‘कणज’ हा कन्नड शब्द, अर्थ धान्याचे कोठार. आपली कणगीच. राजस्थानने सप्टेंबर 2019 मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केले, त्याच धर्तीवर कर्नाटकात माहिती कणज आले. कल्पना चांगली आहे: रेशन, पेन्शन, रोजगार हमीची कामे, शेतीची मदत अशी खात्याखात्यांत विखुरलेली माहिती तालुका आणि पंचायत निवडली की एका जागी, लॉगिन न करता दिसावी. पण कणगीत धान्य आपोआप येत नाही. प्रत्येक खात्याने आपल्या संगणकातून जेवढे पाठवले तेवढेच इथे दिसते. खात्याच्या यादीत नाव चुकले असेल तर इथेही चुकणार. ती चूक पोर्टल चालवणारे दुरुस्त करू शकत नाहीत, ती मूळ कचेरीतच होते. ‘सगळे बेंगळूरला गेले’ हे म्हणून अर्धेच खरे. तिकडे गेली ती प्रत. दप्तर अजून खानापुरातच आहे आणि त्याची जबाबदारीही.

माझ्या दृष्टीने पोर्टलचा खरा उपयोग एवढाच, की काय मागायचे ते नेमके कळते. ‘आमच्या गावात झालेल्या कामांची सर्व माहिती द्या’ असा अर्ज हमखास फसतो. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा आहे. पोर्टलवर कामाचा क्रमांक, वर्ष आणि मंजूर रक्कम बघून ‘अमुक क्रमांकाच्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक आणि बिल यांच्या प्रती’ असे मागितले, तर 40 शब्दांत अर्ज होतो आणि ‘माहिती स्पष्ट नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

जमिनीच्या उताऱ्याचे थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. ‘भूमी’ या कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या पोर्टलवर उतारा पाहताना जिल्हा, तालुका, होबळी (काही गावांचा महसुली गट), गाव, सर्व्हे नंबर, मग सर्नॉक (सर्व्हे नंबराचा पोटभाग) आणि हिस्सा या क्रमाने जावे लागते. गाव सापडत नाही, ही पहिली तक्रार. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती आणि कागवाड अथणीत. जुन्या खरेदीखतावर जुना तालुका असतो, पोर्टलवर नवा. बुद्रुक आणि खुर्द ही नावे बहुतेक बी.के. आणि के.एच. अशा अक्षरांनी येतात, त्यामुळे कंग्राळी शोधताना चुकीचे गाव उघडते आणि भलत्याच माणसाचे नाव दिसून घरात भांडण लागते. सर्नॉकच्या जागी नुसती चांदणी (*) दिसली तर घाबरू नका, तीच निवडायची.

उतारा उघडला की नाव नवव्या रकान्यात, जमीन कशी आली ते दहाव्यात, कर्ज-बोजा अकराव्यात आणि पीक बाराव्यात. क्षेत्र वाचताना जपा. 2.10 असे लिहिले असेल तर ते दशांश नाहीत, 2 एकर 10 गुंठे आहेत. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे ही जमीन सव्वादोन एकर झाली. पुढचे आकडे आण्यांचे, 16 आण्यांचा गुंठा. चंदगड-गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांना हेक्टर-आरची सवय असते. ते कर्नाटकाचा उतारा बघून 2.10 हेक्टर समजतात, म्हणजे सव्वापाच एकराच्या आसपास. वाटणीच्या बोलण्यात हा फरक केवढा पडतो बघा!

अक्षर कळत नाही म्हणता, ते खरे. पण उताऱ्यातले शब्द ऐकले तर बरेचसे ओळखीचे निघतात: खाते, हिस्सा, खराब, सर्व्हे नंबर. घरातल्या शाळकरी पोराकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. मोबाइलमधल्या भाषांतरावर फार विसंबू नका. कर्नाटकातल्या बऱ्याच जुन्या सरकारी फायली ‘नुडी’ या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालेल्या आहेत. त्यातला मजकूर कॉपी करून भाषांतरात टाकला की निरर्थक चिन्हे उमटतात. पानाचा फोटो काढून कॅमेऱ्याच्या भाषांतराला दिला तर साधारण अर्थ लागतो, पण व्यक्तींची नावे आणि महसुली शब्द तो बिघडवतो. नावांचा त्रास तर कायमचाच. मराठी नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे कन्नडमध्ये उतरते. ज्ञानेश्वरचा ग्यानेश्वर झाला की आधारशी जुळत नाही आणि मदतीची रक्कम अडकते. अशा वेळी पोर्टलवर पुन्हा पुन्हा तेच नाव टाकत बसू नका. नावाऐवजी सर्व्हे नंबरने शोधा, मग तहसील कचेरीत नावदुरुस्तीचा अर्ज द्या.

उताऱ्यावर एम.आर. म्हणून एक क्रमांक आणि वर्ष असते. तो फेरफाराचा क्रमांक. नोंद चुकीची झाली असे वाटत असेल तर ‘अमुक एम.आर. क्रमांकाच्या फाइलमधला अर्ज, वर्दी, हरकतीची नोटीस आणि आदेश यांच्या प्रती’ मागा. बघायला मिळणारा उतारा नुसता निकाल सांगतो, कारण फाइलमध्ये असते. आणि संगणकीकरणाच्या आधीचे, विशेषतः 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी हा भाग मुंबई राज्यात असतानाचे कागद पोर्टलवर शोधण्यात वेळ घालवू नका. ते दप्तरखान्यात मिळतात, आणि मराठी गावांचे बरेचसे मराठीत किंवा मोडीत आहेत. तिथे आपली भाषा आधीपासून आहे.

शुल्काची चूक आपल्या सीमेवरच फार होते. कोल्हापूरच्या नातेवाइकाकडून अर्जाचा नमुना येतो आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला जातो. महाराष्ट्रात तो चालतो. कर्नाटकाच्या नियमांत शुल्क रोख, पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट किंवा कोषागाराच्या चलनाने भरायचे आहे. रक्कम तीच, 10 रुपये. प्रतींना ए-4 आकाराच्या पानामागे 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखला जोडावा लागतो.

ऑनलाइन अर्ज करताना दुसरी चूक पोर्टलची. केंद्राचे आणि राज्याचे माहिती अधिकार पोर्टल वेगळे आहेत. केंद्राच्या पोर्टलवर खानापूर तहसीलचा अर्ज टाकला तर तो परत येतो आणि भरलेले पैसे मिळत नाहीत. उलट बेळगावची छावणी परिषद, रेल्वे, टपाल, सांबरा विमानतळ ही केंद्राची ठिकाणे, त्यांचे अर्ज तिकडेच जायला हवेत. राज्याच्या यादीत नेमके कार्यालय सापडले नाही तर त्याच खात्याच्या वरच्या कार्यालयाला टाका आणि ‘कलम 6(3) प्रमाणे योग्य कार्यालयाकडे पाठवावा’ असे लिहा. त्यांना 5 दिवसांत पाठवावा लागतो.

मुदतीचा हिशेब कॅलेंडरवर लिहून ठेवा: उत्तराला 30 दिवस, उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर त्यानंतर 30 दिवसांत पहिले अपील, तेही फसले तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आयोगाचे पीठ बेळगावातही आहे, बेंगळूरच्या प्रवासाच्या धास्तीने अपील सोडू नका. मुदत उलटल्यावर मिळणारी माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम 7(6) अपिलात आठवणीने लिहा.

रेंजबद्दल मला काही युक्तिवाद करायचा नाही. जिथे टॉवर नाही तिथे पोर्टल नाही, आणि कायद्यातल्या ‘सर्वांत परिणामकारक साधना’चा अर्थ तिथे फलक आणि छापील यादी हाच होतो. ही मागणी तुमच्या कलम 4(4) च्या अर्जात पहिल्या ओळीत घाला. ‘ग्राम वन’ (GramaOne) या गावातल्या सरकारी सेवा केंद्रात किंवा नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कार्यालयात) जाऊन सेवेचा अर्ज भरत असाल तर ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याच्या ‘सकाल’ योजनेचा 15 आकडी क्रमांक असलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका. संगणक बंद आहे, उद्या या, असे म्हणाले तर अर्ज कागदावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्का घ्या.

तलाठ्याला विचारले की काम व्हायचे, हे ज्यांची ओळख होती त्यांच्यापुरते खरे होते. तरीही आज गावात विचारायला माणूस हवा, यात तुमच्याशी वाद नाही. पंचायतीत तो पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आहे, आणि कलम 4 प्रमाणे माहिती अधिकारी म्हणून त्याचे नाव व हुद्दा जाहीर असायला हवा. तुमच्या पंचायतीच्या भिंतीवर ते नाव लागले आहे का, तेवढे बघून इथेच खाली लिहा. नसेल तर पहिला अर्ज त्याचाच करू. नमुना हिंदीत मी देतो, मराठीतली मागणी तुम्ही लिहा.