नवा लॅपटॉप पहिल्या दिवशी चालू होऊ नये, यासाठी

ऑफिसात नव्या लॅपटॉपची खोकी येऊन पडलीत आणि मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटची प्रोफाइल (नवं विंडोज मशीन कसं तयार व्हावं त्याची सेटिंग्ज) बनवायचं काम तुमच्याकडे आलंय? अभिनंदन! वायफायला जोडा, लॉगिन करा, बाकी सगळं आपोआप, अशी ही सोय. ते 'आपोआप' कसं हाणून पाडायचं, एवढंच सांगतो.

नव्या मशीनना हायब्रिड जॉइनच द्या, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं डोमेन आणि एंट्रा ही मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली खात्यांची सेवा, दोन्हीकडे जोडणी. नवी मशीन थेट एंट्राला जोडा असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण त्यांना काय कळतंय! हायब्रिडला डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमधला लॉगिन तपासणारा सर्व्हर, दिसावा लागतो. घरी बसलेल्या माणसाला तो व्हीपीएनशिवाय दिसत नाही, आणि व्हीपीएन तर अजून मशीनवर यायचंय.

मशीनच्या नावात सिरियल नंबर घालू नका, रँडम आकडे घाला. हेल्पडेस्कवर 'तुमचं मशीन नक्की कोणतं?' हा संवाद छान रंगतो.

पहिल्याच लॉगिनला ऑथेंटिकेटर या फोनवरच्या ॲपचा कोड मागा. ते ॲप फोनवर नोंदवायच्या सूचना ऑफिसच्या मेलवर पाठवा, म्हणजे लॅपटॉप उघडल्याशिवाय वाचताच येणार नाहीत. टेम्पररी ॲक्सेस पास नावाची, थोड्या वेळापुरत्या पासकोडची सोय आहे, तिच्याकडे बघूही नका.

मदरबोर्ड बदलून आला की हार्डवेअर हॅश, म्हणजे ऑटोपायलट मशीन ज्यावरून ओळखतं तो ठसा, बदलतो. तो परत नोंदवायच्या भानगडीत पडू नका.

मॅक मिळेल तिथून घ्या. ॲपल बिझनेस मॅनेजर या ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या नोंदणी पोर्टलशी जोडलेल्या विक्रेत्याकडून घेतले तर ते थेट तुमच्या यादीत येतात, मग एकेक मॅक ॲपल कॉन्फिगरेटर या ॲपनं हातानं जोडण्यातली गंमत जाते. शिवाय असा हातानं जोडलेला मॅक पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला तुमच्या कचाट्यातून सोडवून घेता येतो. स्वातंत्र्य कुणाला नको असतं?

आता खरं हत्यार: एन्रोलमेंट स्टेटस पेज, म्हणजे पहिल्या सेटअपमध्ये काम कुठवर आलंय ते दाखवणारं पान. 'ॲप्स बसेपर्यंत मशीन वापरू देऊ नका' हा पर्याय चालू करा आणि खाली 'सगळी' निवडा. सगळी म्हणजे सगळी. डिझाइनवाल्यांचं अवजड सॉफ्टवेअर अकाउंट्सवाल्यांनाही. जुनी एमएसआय पॅकेजेस आणि विन३२ ॲप्स असे इन्स्टॉलचे दोन प्रकार एकत्र घाला, दोघं एकाच वेळी इन्स्टॉलरवर झडप घालतात आणि एक पडतं. वेळेची मर्यादा मूळची ६० मिनिटं असते, ती तशीच ठेवा. एरर आल्यावर 'तरीही वापरा' म्हणायची मुभा मात्र देऊ नका. फक्त 'रीसेट' द्या.

परवा आमच्या शेजारच्या टेबलावर नवीन आलेली मुलगी अशीच बसली होती. डिव्हाइस सेटअप, ॲप्स, १४ पैकी ९. बराच वेळ ९. मग लाल खूण. तिनं बिचारीनं समोर दिसलं ते बटण दाबलं आणि गाडी परत भाषा निवडण्यापासून सुरू! इंडक्शनचा कॉल तिनं स्वतःच्या मोबाइलवर केला. आणि अडकलं होतं काय? प्रिंटरचा ड्रायव्हर. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरचा, जिथे तिचं आयुष्यात काही काम नाही! सकाळभर एक माणूस कशासाठी बसवून ठेवलात? अहो, 'सगळी'च्या शेजारीच 'निवडक' असं लिहिलंय. फक्त अँटीव्हायरस आणि व्हीपीएन बसेपर्यंत मशीन अडवा, बाकीचं लॉगिननंतर मागून उतरतं. तेवढं वाचायला काय होतं?

आणि एवढं सगळं आधी बसवायचंच असेल तर प्री-प्रोव्हिजनिंग कशाला दिलंय? पहिल्या स्क्रीनवर विंडोजची कळ ५ वेळा दाबायची आणि जड काम आदल्या दिवशी तुमच्या टेबलावर उरकायचं. पण त्यासाठी खोकं तुम्हाला फोडावं लागेल ना! ब्राउझरमध्ये टिक मारायची, 'सेव्ह' करायचं आणि पुढे नवीन माणूस जाणे नि हेल्पडेस्क जाणे. शिव्या आम्ही खायच्या.

पुढची बॅच वाटायच्या आधी एक लॅपटॉप स्वतः उघडा. ॲडमिनच्या नाही, साध्या युजरच्या खात्यानं. डेस्कटॉप दिसेपर्यंत जागचे हलू नका. आणि तो प्रिंटर आजच्या आज त्या यादीतून काढा.