मीटरवर ४० आलं म्हणजे पाणी शुद्ध झालं का?

'पाण्यात टीडीएस मीटर बुडवा. आकडा ५०च्या आत आला तर पाणी शुद्ध, ३०० आला तर विष. खात्री नसेल तर विजेच्या दोन सळ्या सोडा, घाण डोळ्यांना दिसेल. नाहीतर उकळा, सगळं निघून जातं.' असा मजकूर घरोघरच्या फोनवर फिरतोय. त्यातलं जवळपास काहीच खरं नाही.

आधी मीटर. पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजेच टीडीएसचा, अंदाज लिटरला मिलिग्रॅममध्ये दाखवतं. जंतू त्याला कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू अजिबात सापडता कामा नये, आणि हे प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळतं. आर्सेनिकचंही तेच. त्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. दहापट आर्सेनिक असलं तरी ते भरतं ०.१ मिलिग्रॅम, आणि पूर्णांकात मोजणाऱ्या मीटरवर त्याचा मागमूसही दिसत नाही. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्वचेवर चट्टे उठतात, पुढे कर्करोगही होऊ शकतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते: मीटरवर ४० बघून माणूस निर्धास्त होतो आणि पाण्याचा नमुना तपासायला द्यायचं राहून जातं.

३०० म्हणजे विष? मुळीच नाही. संघटनेने टीडीएसला आरोग्याच्या कारणाने मर्यादाच घातलेली नाही. ६००च्या आत पाण्याची चव साधारण चांगली लागते, १०००च्या पुढे ते पिववत नाही, इतकंच. मात्र त्या ३००मध्ये फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

सळ्यांचा प्रयोग तर निव्वळ फसवणूक. सळ्या सोडल्यावर पाण्यात दिसणारा तपकिरी गाळ म्हणजे विजेमुळे झिजलेल्या लोखंडी सळईचाच गंज. क्षार कमी असलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते नितळ राहतं.

उकळण्याने जंतू मरतात, त्यासाठी तो उत्तम उपाय आहे. पण आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट तसेच राहतात. उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, ती बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना डोळ्यासमोर ठेवून. नायट्रेट वाढलं की त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. तसलं पाणी कितीही उकळलं तरी बाळाच्या दुधात घालू नये, त्याच्यासाठी दुसऱ्या स्रोताचं पाणी आणावं.