स्नेक प्लांट, फ्रिज आणि दिल्या

रात्री ऑक्सिजन सोडणाऱ्या झाडांचा तो मेसेज तुम्हालाही आला असेलच. दिल्यानं तो पुढे ढकलून भागवलं नाही, थेट अमलात आणला. झोपायच्या खोलीत स्नेक प्लांटच्या कुंड्यांची रांग.

“नासानं सांगितलंय,” तो म्हणाला. दिल्याच्या तोंडी नासा आली की समजावं, याच्याकडचं संपलं.

“रात्री ते झाड पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, हे खरं,” शमा म्हणाली. “दिवसा उघडली तर पाणी उडून जातं, म्हणून. पण ऑक्सिजन निघतो पाण्याचा रेणू फुटल्यावर, आणि तो फोडायला उजेड लागतो. तू दिवा मालवून झोपतोस ना?”

“म्हणजे नासा खोटं बोलते?”

“नासाचा तो अभ्यास १९८९चा. हवाबंद पेटीत झाड ठेवून बेंझीन, फॉर्माल्डिहाइड असले घातक वायू किती कमी होतात ते बघितलं होतं. ऑक्सिजनचा विषयच नव्हता. आणि तुझी खोली काही हवाबंद नाही. हवा नुसती आत-बाहेर खेळल्यानं जेवढी साफ होते, तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशोब २०१९ मध्ये मांडून झालाय.”

“मग दिल्या झोपणार कुठे?” नंदू.

“कुंडीत,” आबा म्हणाले. आबांना कोणाची बाजू घ्यायची नसते, फक्त तेल ओतायचं असतं. “पण झाडं हवीतच गं. माती खातात बिचारी आणि वाढतात.”

इथे शमा खुलली. “आबा, माती नाही खात. फान हेल्मोंट नावाच्या माणसानं २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं, माती घटली जेमतेम दोन औंस.”

“पाच वर्षं माती जोखत बसला? घरचे काही बोलले नाहीत?”

“त्याला वाटलं झाड पाण्याचं बनतं. तेही अर्धंच. लाकडातला कार्बन आला हवेतून.”

दिल्याला फट दिसली. “म्हणजे हवेतला कार्बन झाड घेतं. आणि आपण श्वासातून तोच सोडतो. मग प्रदूषण आपणच करतो! गाड्यांना कशाला नावं ठेवता?”

याला दिल्याचा षटकार म्हणतात. चेंडू नेहमीप्रमाणे सीमारेषेवर झेलला गेला.

“तू सोडतोस तो कार्बन तुझ्या जेवणातला, म्हणजे अलीकडेच कुठल्या तरी रोपानं हवेतून उचललेला. हवेतला हवेत गेला. दगडी कोळशातला २५-३० कोटी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलाय. तो वर काढून जाळला की हवेत नवी भर पडते. १९५८ मध्ये मोजायला लागले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर आहे. आणि ऑक्सिजनची चिंता सोड. धुरकट शहरातही हवेत तो २१ टक्के असतो. छातीत जातात ते धुराचे बारीक कण. खिडकी उघड, खोलीत काही जाळू नकोस. बाहेरच धूर असेल तर मात्र तो जिथून निघतो तिथे जाऊन भांडावं लागतं, कुंडीशी नाही.”

“हे आम्हाला शास्त्र शिकवणार,” दिल्या पुटपुटला. त्यानं हे म्हणायला नको होतं, कारण नंदूला फ्रिज आठवला.

गेल्या उन्हाळ्यात खोली गार करायला दिल्यानं फ्रिजचं दार उघडं ठेवलं होतं. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत टाकतो, वर कॉम्प्रेसरची वीजही शेवटी उष्णताच होते. घामानं निथळत हा आम्हाला फोनवर सांगत होता, “थोडा वेळ लागेल.”

“त्या दिवशी व्होल्टेज कमी होतं!”

“बसल्या जागी माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो,” शमा म्हणाली. “आपण पाच जण, म्हणजे अर्धा किलोवॅट.”

“आणि त्यातून काम किती?” आबा.

“दिल्या करतो ना. मेसेज पुढे ढकलतो.”

दिल्या खरंच हिरमुसला. मग अगदी मनापासून विचारलं, “पण कुंड्या आणल्यापासून मला झोप चांगली लागते, त्याचं काय?”

“रोज सकाळी उन्हात नेतोस आणि रात्री परत आत आणतोस ना?” आबा म्हणाले. “दमतोस मेल्या.”