परदेशातून : बंद झालेली कंपनी आणि न मिटणारा वाद

दरवर्षी १७ डिसेंबर जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या गटावर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. राइट बंधूंनी १९०३ साली विमान उडवले असे जग म्हणते, पण त्याच्या आठ वर्षे आधी, १८९५ मध्ये, मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ उडवले होते, असे त्यात लिहिलेले असते. मग लगेच दोन तट पडतात. एका तटाला आपल्या माणसाचे श्रेय इंग्रजांनी दडपले याची चीड असते, तर दुसऱ्याला पुराव्यावाचून केलेल्या अभिमानाची लाज वाटते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, तेव्हा हा वाद वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता. आता तो घरोघरी आहे. मी गेली सतरा वर्षे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला राहतो, आणि या वादात कोणत्याही बाजूने मला उतरवत नाही. कारण ज्या प्रश्नावर आपण शब्दांनी भांडतो, त्या प्रश्नाचा निकाल हातांनी कसा लावतात हे मी या गावात पाहिले आहे. तो निकाल लावणाऱ्यांपैकी एक कंपनी बंद पडली, हेही याच गावात पाहिले.

त्या कंपनीचे नाव विंगनट विंग्ज. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या मालकीची ही कंपनी पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे जुळणी-संच बनवत असे. प्लास्टिकचे सुटे भाग चौकटीतून कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे आणि बत्तीस पटींनी लहान विमान उभे करायचे. तिचे पहिले संच २००९ मध्ये बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत या छंदातली जाणती माणसे जगभर त्यांचा हवाला देऊ लागली. मार्च २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले आणि कंपनी पुन्हा उघडली नाही. महासाथीच्या त्या दिवसांत एका ‘खेळण्यांच्या’ कंपनीसाठी कोण हळहळणार, असे अनेकांना वाटले असेल. पण ती खेळण्यांची कंपनी नव्हती, हे मला ठामपणे सांगायचे आहे.

जॅक्सन यांचाच दुसरा उपक्रम म्हणजे ‘द व्हिंटेज एव्हिएटर’. वेलिंग्टनमधली कार्यशाळा आणि रेमुटाका घाटापलीकडे मास्टरटनच्या हूड विमानतळावरचे हँगर असा त्याचा पसारा. तिथे पहिल्या महायुद्धातली विमाने पूर्ण आकारात, मूळ रेखाचित्रांवरून, त्याच लाकडाची आणि त्याच तागाच्या कापडाची नव्याने बांधली गेली. जर्मन अल्बाट्रॉस डी.५ए या जातीची जगात दोनच मूळ विमाने उरली आहेत, एक वॉशिंग्टनला आणि एक कॅनबेराला. ती दोन्ही संग्रहालयात आहेत आणि पुन्हा कधी उडणार नाहीत. मास्टरटनचे अल्बाट्रॉस मात्र मी डोळ्यांनी उडताना पाहिले आहे. इथल्या कारागिरांनी बांधलेले एक अल्बाट्रॉस आणि एक आर.ई.८ लंडनच्या हेंडन इथल्या ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयातही गेले. ज्या ब्रिटनने आर.ई.८ हजारोंनी बनवले, त्याच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला ते न्यूझीलंडमधून आणावे लागले.

या लोकांनी इंजिनेसुद्धा नव्याने घडवली. ओबेरुर्सेल हे त्या काळातले फिरते इंजिन. आपल्या ओळखीच्या इंजिनात सिलिंडर जागच्या जागी राहतात आणि आतला दांडा फिरतो. या इंजिनात दांडा विमानाच्या सांगाड्याला पक्का जखडलेला असतो आणि पंख्याबरोबर सगळे सिलिंडर गरगर फिरतात. त्याच्या वंगणाला एरंडेल लागते आणि ते जळून-न जळून मागे फेकले जाते. मास्टरटनच्या धावपट्टीच्या कडेला उभा असताना तो वास पहिल्यांदा नाकात शिरला, तेव्हा मी क्षणभर नाशिकच्या आमच्या माजघरात होतो. आजी आम्हा भावंडांना सुट्टीत रांगेने बसवून एरंडेल पाजत असे, तोच तो वास. पहिल्या महायुद्धात हे तेल इतके मोलाचे झाले होते की अमेरिकेने एरंडाची लागवड करण्यासाठी हिंदुस्थानातून बियाणे नेले. विमानांच्या इतिहासात आपले नाव शोधणाऱ्यांना ही गोष्ट लहान वाटेल. मला ती चौपाटीच्या कथेपेक्षा मोठी वाटते, कारण ती खरी आहे आणि तिचा वास अजून घेता येतो.

संच बनवणारे आणि खरी विमाने बांधणारे शेजारी शेजारी काम करत होते, यातच विंगनट विंग्जचे सगळे सामर्थ्य होते. संचाचा नकाशा काढणाऱ्याला एखाद्या तारेचे टोक कुठे अडकते याची शंका आली, तर पूर्ण आकाराचे विमान बांधणारा माणूस त्याच गावात होता. माझे बाबा २०१४ साली आमच्याकडे तीन महिने राहायला आले होते, तेव्हा हे मला नीट कळले. बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते आणि त्यांची सगळी हयात मिग-२१ च्या सांगाड्यावर गेली. मी जेवणाच्या टेबलावर एस.ई.५ए चा संच मांडून बसलो होतो. हेच विमान उडवत कोलकात्याच्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मधल्या दोन आठवड्यांत दहा विजय मिळवले आणि त्याच महिन्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते मारले गेले. बाबांनी चष्मा पुसून सूचनापुस्तिका हातात घेतली, कॉकपिटच्या आतल्या बाजूचे पान उघडले, आणि एका ओळीवर नख ठेवून म्हणाले, “ही केबल इथून खाली जाते बघ, आणि पेडलला अशी वळसा घेऊन येते. हे चित्र पुस्तकात बघून काढलेलं नाही. ज्यानं काढलंय त्यानं हे विमान उघडून आत हात घातलाय.”

“बाबा, तुम्हाला कसं कळलं?” मी विचारले.

“हात आत घातल्याशिवाय वळसा दिसत नाही. बाहेरून सरळच वाटतं,” ते म्हणाले, आणि पुढचे दीड तास त्यांनी चिमट्याने त्या केसाएवढ्या दोऱ्या ओवण्यात घालवले. विमान पूर्ण झाल्यावर त्या दोऱ्या जवळपास दिसेनाशा होतात, हे मी सांगितले, तरी त्यांनी एकही सोडली नाही.

कंपनी बंद पडल्यावर तिचे काही साचे विकले गेले. घोषित केलेले लँकॅस्टर बॉम्बर आणि फोकर तिपंखी हे संच पुढे चिनी कंपन्यांच्या नावाने बाजारात आले. माझ्या ओळखीचे काही जण म्हणाले, साचे शिल्लक आहेत, माल मिळतो आहे, मग काय गेले? प्लास्टिक गेले नाही हे खरेच. छंदाच्या या व्यवसायात साचे नेहमीच देशोदेशी फिरत आले आहेत. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीचे साचे १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात गेले. २००६ मध्ये एअरफिक्सचे दिवाळे वाजले तेव्हा हॉर्नबीने ती विकत घेतली आणि नाव टिकले. गेली ती मधली वाट, जी संचाच्या टेबलापासून खऱ्या विमानाच्या हँगरपर्यंत रोज चालली जात होती. लाकडाची फळी वाफेवर किती वाकते, ताग किती ताणला की शिवण उसवते, जुन्या छायाचित्रातला काळा डाग रंगाचा की तेलाचा, हे ज्ञान साच्यात ओतलेले नसते. विंगनट विंग्जमधल्या काही जुन्या कर्मचाऱ्यांनी पुढे ‘कोटारे’ या नावाने नवी कंपनी काढली आणि स्पिटफायरपासून सुरुवात केली. कोटारे म्हणजे माओरी भाषेत आपला खंड्या पक्षी. त्यांचे काम उत्तम आहे आणि मी त्यांचा ग्राहक आहे, पण काही माणसांनी सुरुवातीपासून पुन्हा घडी बसवणे आणि एवढी मोठी चालती घडी मोडणे यांची बरोबरी होत नाही.

माझी न्यूझीलंडविषयीची तक्रार इथे आहे. एवढे मोठे काम एका माणसाच्या आवडीवर आणि त्याच्या खिशावर उभे राहिले, ही त्या माणसाची थोरवी आहे. पण देशाने ते तसेच एका खिशावर राहू दिले. ब्लेनहाइमजवळ ओमाका इथे त्यांच्या विमानांचे देखणे संग्रहालय आहे, लोक तिकीट काढून जातात, आणि तयार वस्तू पाहून परततात. वस्तू घडवणाऱ्या हातांना मात्र राष्ट्रीय ठेवा म्हणून कोणी पाहिले नाही.

तरीही इथल्या लोकांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे, आणि ती तळपदे यांच्या वादाला थेट भिडते. न्यूझीलंडचाही एक तळपदे आहे. रिचर्ड पिअर्स हा दक्षिण बेटावरच्या वाइटोही गावचा शेतकरी. बांबू, कापड आणि स्वतः घडवलेले इंजिन यांच्या बळावर ३१ मार्च १९०३ रोजी, म्हणजे राइट बंधूंच्या जवळजवळ नऊ महिने आधी, तो उडाला असे गावातल्या लोकांनी पुढे आठवून सांगितले. इथेही त्याचा अभिमान आहे आणि वादही आहे. पण इथल्या लोकांनी नदीकाठच्या उकिरड्यातून त्याच्या यंत्राचे अवशेष उकरून काढले, त्याचे १९०६ चे पेटंट पुढे ठेवले, आणि त्याच्या विमानाच्या प्रतिकृती बांधल्या. पिअर्सने स्वतः वर्तमानपत्रांना लिहिलेली पत्रेही त्यांनी लपवली नाहीत, ज्यांत आपण प्रयत्नांना १९०४ च्या सुमारास सुरुवात केली असे तो म्हणतो आणि राइट बंधूंचा मान त्यांनाच देतो. त्यामुळे पिअर्स लहान झाला नाही. एकट्या माणसाने शेतघरात काय काय योजले होते हे प्रतिकृतीतून दिसते, आणि त्याचे खरे मोठेपण तिथेच आहे.

तळपदे यांच्या बाबतीत आपण काय केले? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ या, प्राचीन विमानविद्येचा आधार म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या ग्रंथाची तपासणी केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा निर्वाळा दिला. हे काम मोलाचे आहे, आणि मला ते पूर्णपणे पटते. पण ते एका ग्रंथाविषयी आहे. जे. जे. कलाशाळेत शिकवणारा, चिराबाजारात राहणारा हा माणूस खरोखर काय बांधत होता, त्याच्याजवळ कोणते लाकूड होते, कोणता सुतार होता, कोणते कापड होते, हे शोधायला ना अभिमान बाळगणारे गेले ना टीका करणारे. चौपाटीवरच्या उड्डाणाचा तेव्हाचा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि त्यावाचून ते झाले असे मी मानत नाही. पण १८९५ च्या मुंबईत मिळणाऱ्या सामानातून अशा यंत्राचा सांगाडा कोणी प्रामाणिकपणे उभा केला असता, तर निम्मे भांडण आपोआप थांबले असते. त्याच मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकरांचे नाव या भांडणात कोणी काढत नाही. ते सॉपविथ डॉल्फिन विमान घेऊन फ्रान्सच्या आकाशात लढले आणि जून १९१८ मध्ये जखमांनी गेले. त्यांच्या विमानाची प्रतिकृती महाराष्ट्रात कुठेही पाहिल्याचे मला आठवत नाही.

आपल्याकडे हात नाहीत असेही नाही, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटते. ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा. देशात साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ बांधली गेली, त्यांचे सांगाडे तिथले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्या विमानाला निरोप दिला गेला, तेव्हा पुन्हा गटावर दोन तट पडले, कोणी त्याला उडती शवपेटी म्हणाले, कोणी रणशूर म्हणाले. ते बांधणाऱ्यांचा उल्लेख मला एकाही संदेशात सापडला नाही. आता ती विमाने चौथऱ्यांवर चढतील, त्यांना रंग मारला जाईल, आणि आत कोणती केबल कुठून वळसा घेते हे सांगणारे थकत जातील. भारतीय हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीसाठी टायगर मॉथ पुन्हा उडते करायचे ठरले, तेव्हा ते काम ब्रिटनमध्ये करून घ्यावे लागले. एके काळी आपल्या फ्लाइंग क्लबांमध्ये साधे मेकॅनिक ज्या विमानाची रोज देखभाल करत, त्याची ही गत. मिग-२१ ची तीच गत होऊ नये असे वाटत असेल, तर एक तरी सांगाडा उघडा ठेवावा, आणि ज्यांनी तो जोडला त्यांना त्याच्याभोवती बसवून तरुण मुलांना शिकवायला सांगावे. यासाठी लागणारा पैसा एका पुतळ्याच्या पैशापेक्षा कमी आहे.

गेल्या रविवारी फोनवर मी बाबांना त्यांच्या शॉपमधल्या सोबत्यांची नावे विचारली. त्यांनी थांबून थांबून अकरा नावे सांगितली. त्यांतले चौघे आता नाहीत. उरलेल्यांपैकी तिघे नाशिकरोडला राहतात, एक पिंपळगावला. मी मार्चमध्ये येतो आहे. बाबा म्हणाले, “येताना तो चिमटा घेऊन ये, आणि टेपरेकॉर्डर. पाटील हातवारे केल्याशिवाय सांगत नाही, तेव्हा त्याचा व्हिडिओच घे.”