क्वालिटी तीच? कशी?

कुडाळ-मालवणाकडे लग्नाची किंवा गावच्या दशावताराची डीव्हीडी कॉपीला द्या, हातात ७०० एमबीची एमपी४ पडते. वर दुकानदार म्हणतो, "क्वालिटी तीच आसा हां!" तीच कशी असेल? मुळात डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, एमपेग-२ पद्धतीने आधीच दाबून लहान केलेलं. पुन्हा दाबलं की क्वालिटी गेलीच. अहो, अख्ख्या डिस्कची आयएसओ, म्हणजे हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल, घ्या, नाहीतर मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने एमकेव्ही व्हिडिओ फाइल करा, व्हिडिओ जसाच्या तसा उतरतो. जागा? फार तर साडेआठ जीबी. पण नाही, ड्युअल लेयरचा, म्हणजे दोन थरांच्या डिस्कवरचा, माल ४.७ जीबीच्या कोऱ्या डिस्कवर कोंबायचाच! आणि पावसाळ्यात बुरशी धरलेली डिस्क गोल गोल पुसू नका हो. मधून कडेकडे सरळ पुसा. गोल ओरखडा डेटाच्या गोल फिरणाऱ्या ट्रॅकच्याच रेषेत जातो, मग ड्राइव्हची एरर दुरुस्तीही हात टेकते.