‘घागरा मुघलांनी आणला’ म्हणणाऱ्यांनी नर्सीच्या शिंप्याला आठवावं

नवरात्र जवळ आलं की एक मजकूर फिरायला लागतो. यंदा तो आमच्या हिंगोलीकडच्या नात्यातल्या ग्रुपवरही आला. त्याचं म्हणणं असं: मुघल येईपर्यंत आपल्याकडं शिवलेलं कापड नव्हतं, बायका नुसतं गुंडाळायच्या. म्हणून घागरा, चोळी, नाचणारीचा पेशवाज हा झगा, सगळं परक्यांचं. वर आणखी, मराठीत स्कर्टला शब्दच नाही.

आधी शिवणाचं बघू. बाबर पानिपतला जिंकला 1526 साली. अजिंठ्याचं पहिल्या क्रमांकाचं लेणं त्याच्या हजार वर्षं आधीचं. तिथं महाजनक जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेच्या, चित्रात वाजवणाऱ्या बायकांच्या मधोमध एक नाचणारी आहे आणि तिच्या अंगात लांब बाह्यांचा कपडा आहे. बाही काही गुंडाळून होत नाही. ती बेतावी लागते, कातरावी लागते, काखेत जोडावी लागते. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही ‘चोल’, म्हणजे चोळी, आहे, सुईकाम करणाऱ्याला ‘तुन्नवाय’ आणि ‘सौचिक’ असे दोन शब्द आहेत.

एवढ्या लांब जायचं नसेल तर आमच्या नर्सीला या. नामदेव महाराजांचा जन्म 1270 चा, घराणं शिंप्याचं. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला 1296 ला, म्हणजे तोवर नामदेव पंचविशी ओलांडलेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांचं एक पद आहे, त्यात ते मनाला गज म्हणतात आणि जिभेला कातर. कापड मोजून कातरणाऱ्या घरातच अशी उपमा सुचते. शब्दही तेच सांगतो. ‘दर्जी’ फारसीतून आला, पण ‘शिंपी’ हा ‘शिल्पी’ वरून आलेला. कापड शिवणाऱ्याला आपण शिल्पकाराचं नाव दिलंय, याचा मला फार अभिमान वाटतो.

‘घागरा’ शब्दाचंही तसंच. हेमचंद्राच्या ‘देशीनाममाला’ या बाराव्या शतकातल्या प्राकृत कोशात ‘घग्घर’ आहे, अर्थ कमरेखाली नेसायचं वस्त्र. अमरकोशातलं ‘चंडातक’ त्याहून जुनं, तेही बायकांचं, मांडीपर्यंतचं.

आणि स्कर्टला शब्द नाही? लहानपणी खणाचं परकर-पोलकं घातलेल्या बाईला हे कुणी सांगू नये. आमच्याकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांचा आरसे लावलेला फेटिया, म्हणजे घागराच, आहे, त्याच्यावर कांचळी, म्हणजे चोळी. चुण्या, घेर, नाडी हे शब्द बोलल्याशिवाय आमच्याकडं परकर शिवायला टाकताच येत नाही.

पेशवाजाचं मात्र खरं आहे. शब्द फारसी, अर्थ पुढून उघडा, आणि तो दरबारी नाचातून आला. ते मान्य करायला कमीपणा कसला? पण एका शब्दाच्या जोरावर अख्खं कपाट परक्यांच्या नावावर करता येत नाही. आमच्या तमाशातल्या बाईनं चाळ बांधले ते नऊवारी नेसूनच.

ग्रुपवर माझ्या बाजूनं बोलताना एका काकांनी आरतीतलं ‘चरणी घागरिया’ पुढं केलं: बघा, रामदासांच्या वेळी घागरा होताच! काका, रामदास जांबचे, आपल्या जालन्याकडचे, त्यांचा आधार मलाही आवडला असता. पण त्या घागऱ्या म्हणजे पायातले घुंगरू. ओळीतच ‘रुणझुणती’ आहे, ‘चरणी’ आहे. हा पुरावा मी घेणार नाही.