मायक्रोवेव्ह फडताळात कोंडू नका

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश सध्या पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय की मायक्रोवेव्हची किरणं अन्नात साठतात आणि कॅन्सर होतो. रशियाने १९७६ मध्येच या ओव्हनवर बंदी घातली, जपानने २०२० पर्यंत सगळे ओव्हन मोडीत काढले. अन्नातली जीवनसत्त्वं मरतात. आणि वापरायचाच असेल तर ओव्हन बंद फडताळात ठेवा, म्हणजे किरणं बाहेर येणार नाहीत. पहिले तीन मुद्दे खोटे आहेत. चौथ्या सल्ल्याने तर घराला आग लागू शकते. आमच्याच सोसायटीतल्या एका आजींनी तो अमलात आणला, म्हणून हे लिहायलाच हवं.

‘किरणं अन्नात साठतात.’ ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. घरातला वायफायही जवळपास याच पट्ट्यात चालतो, फक्त त्याची ताकद अगदी किरकोळ. या लहरींमुळे मुख्यतः अन्नातल्या पाण्याचे रेणू हलतात आणि अन्न तापतं. ओव्हन थांबला की लहरी संपल्या. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसंच हे. एक्स-रे पेशीतले रासायनिक बंध तोडू शकतात, कारण त्यांच्या एकेका कणात तेवढी ऊर्जा असते. मायक्रोवेव्हच्या कणातली ऊर्जा साध्या उजेडाच्या कणापेक्षाही लाखाहून अधिक पटींनी कमी असते. तिने अन्न तापतं, ते किरणोत्सारी होत नाही.

‘रशिया-जपानने बंदी घातली.’ दोन्ही खोटं. सोव्हिएत काळात अशा लहरींजवळ काम करणाऱ्यांसाठीचे नियम अमेरिकेपेक्षा बरेच कडक होते हे खरं, पण बंदी नव्हती. १९८०च्या दशकात तिथे देशी बनावटीचे ओव्हन निघत होते. जपानची बातमी तर एका रशियन विडंबन संकेतस्थळावरची. लोकांनी ती खरी मानून पुढे पाठवली.

‘जीवनसत्त्वं मरतात.’ ती कुठल्याही आचेवर थोडी कमी होतातच. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, त्यामुळे भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की नुकसान जास्त. मायक्रोवेव्हमध्ये पाणी कमी लागतं, वेळही कमी.

‘किरणं बाहेर येतात.’ हा प्रश्न मला रास्त वाटतो. दाराच्या काचेत बारीक भोकांची जाळी असते, ती एकदा जवळून बघा. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि भोक जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं, म्हणून उजेड बाहेर येतो पण ती लहर येत नाही. तरी फटींतून किंचित गळती होते. ओव्हनपासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट, ही तिची मान्य मर्यादा. दोन पावलं मागे सरकलात की उरते ती नगण्य. चालू ओव्हनचं दार उघडलं तर मात्र क्षणभर लहरी बाहेर निसटतात, याचं उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीचं. ती अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपते. तिथे अनेक वर्षं येणाऱ्या काही गूढ संकेतांचा उगम २०१५ मध्ये सापडला: ओव्हन थांबायच्या आतच कुणीतरी त्याचं दार उघडत होतं! तो क्षणभराचा झोत ६४ मीटरच्या तबकडीने टिपला होता.  तेव्हा आधी ‘स्टॉप’ दाबा, मग दार उघडा. साधी सवय आहे.

आता फडताळ. आजींनी ओव्हन लाकडी कपाटात सरकवला होता, मागची बाजू फळीला टेकलेली आणि वर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. ओव्हनमधला पंखा गरम हवा मागून किंवा बाजूने बाहेर टाकतो. तिला वाट नसेल तर आतले भाग तापत जातात, आणि कागद शेजारीच. मागे व बाजूंना निदान १० सेंटिमीटर आणि वर २० सेंटिमीटर जागा सोडा. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी. शेगडीला खेटून ठेवू नका.

त्याहून मोठी काळजी प्लगची. सदाशिव-नारायण पेठेतले वाडे असोत की कोथरूड, सहकारनगरच्या जुन्या इमारती, स्वयंपाकघरात बहुधा एकच पॉवर प्लग असतो. मग त्यावर फ्रिज, मिक्सर आणि ओव्हन एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चालतात. ८०० वॉटचा साधा ओव्हन वीज ओढतो १२०० वॉटच्या आसपास. कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजणारा, २००० च्याही वर जातो. त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग हवा. अर्थिंग तर हवंच. बऱ्याच ओव्हनमध्ये हाय व्होल्टेज सर्किटचं एक टोक पत्र्याच्या बॉडीलाच जोडलेलं असतं. तिसरी पिन मोडून किंवा टू-पिन अडॅप्टर लावून ओव्हन चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. प्लगमागे हिरवी वायर आहे का आणि ती खरंच जमिनीपर्यंत पोचते का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

आणि संदेशात ज्यांचा उल्लेखच नाही ते धोके. पुरणपोळी गरम केली की वरचं आवरण कोमट लागतं आणि आतलं गूळ-पुरण जीभ पोळेल इतकं तापलेलं असतं. बाळाच्या दुधाचंही तसंच, बाटली बाहेरून कोमट आणि आत मध्येच चटका देणारं दूध. ते ओव्हनमध्ये तापवूच नका. गुळगुळीत मगात नुसतं पाणी तापवलं तर ते न उकळताच शंभर अंशांच्या वर जाऊ शकतं आणि चमचा घालताच उसळून अंगावर येतं. थोडा वेळ थांबा, मग हात लावा. श्रीखंडाचे रिकामे डबे तेलकट भाजी तापवायला वापरू नका, ते त्यासाठी बनवलेले नसतात. स्टीलचा डबा आणि सोनेरी काठाची कपबशी आत ठेवू नका, ठिणग्या उडतात.

दार नीट बसत नसेल, बिजागरी सैल झाली असेल किंवा जाळी फाटली असेल, तर ओव्हन त्या दिवसापासून बंद ठेवा. मागचा पत्रा मात्र घरी उघडू नका, प्लग काढला असला तरीही. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, हजारो व्होल्टचा जीवघेणा भार उरलेला असू शकतो. दुरुस्ती हे काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.